झोपेचे सोंग

झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला करता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले असेल तितक्या वेळा ते दुसऱ्या कोणी ऐकले असेल असे मला वाटत नाही. वडिलांकडून ऐकले, वर्गशिक्षकांकडून ऐकले, कचेरीत साहेबांकडून ऐकले, आणि लग्न झाल्यावर, अंमळ सौम्य आवाजात, सौभाग्यवतींकडूनही ऐकले. गंमत अशी, की मी या दोहोंपैकी कोणत्याच वर्गात बसत नव्हतो. सोंग तर मी घेत नव्हतोच. पण ज्याला ही मंडळी झोप म्हणत, तीही काही माझ्या ताब्यातली नव्हती. मीच तिच्या ताब्यात होतो.

गेली अकरा वर्षे या सदरातून मी वाचकांना शेजाऱ्यांच्या, पाहुण्यांच्या आणि भाजीवाल्यांच्या गोष्टी सांगत आलो आहे. दिवाळी अंकासाठी संपादकांनी ‘यंदा जरा घरगुती होऊ द्या’ अशी सूचना केली, तेव्हा मनाशी म्हटले, दुसऱ्यांची बिंगे पुष्कळ फोडली, आता एकदा स्वतःचेही फोडावे. तर वाचकहो, मला नार्कोलेप्सी नावाचा आजार आहे. नावाने दचकू नका. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे सदर वाचताना तुम्हाला कधी पेंग आली असेल, तर तो दोष माझ्या आजाराचा नव्हे, लेखणीचा!

प्रकरणाला सुरुवात झाली १९८१ साली. मी पंधरा वर्षांचा होतो, आणि दहावीचे वर्ष तोंडावर आले होते. डोंबिवलीतले आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड, पोस्टात नोकरी करणारे आप्पा, आणि पहाटे चार वाजता उठून अभ्यास करण्याचा घरातला नियम. विद्यार्थ्याची झोप कशी असावी, तर ‘श्वाननिद्रा’, असा संस्कृत सुभाषिताचा दाखला आप्पा रोज देत. कुत्र्यासारखी सावध झोप. पान हलले की जाग. मी मात्र भूमितीचे पुस्तक उघडून बसलो की प्रमेयाची पहिली ओळ वाचेपर्यंत मान टेकत असे. पानच काय, पुस्तक पायावर पडले तरी जाग येत नसे. पाच-दहा मिनिटांनी अगदी टवटवीत होऊन डोळे उघडत, आणि समोर आप्पा उभे असत.

‘कुंभकर्ण’ ही पदवी मला तेव्हाच मिळाली. पण ती माझ्यावर अन्याय करणारी होती. कुंभकर्ण सहा-सहा महिने सलग झोपे. मला रात्री सहा तासही सलग मिळत नसत. दिवसभर पेंगणारा मी रात्री दोन वाजता टक्क जागा होऊन छपराकडे बघत बसे. आणि झोप लागता लागता जे काही दिसे ते सांगण्याची सोय नव्हती. दाराशी कोणीतरी उभे आहे, ते पुढे येते आहे, छातीवर बसते आहे. डोळे उघडे आहेत, घरातले सारे दिसते आहे, पण ओरडायला आवाज फुटत नाही आणि हाताचे बोटही हलत नाही. आजीला सांगितले तर तिने मुंज्याची शंका घेतली, दृष्ट काढली आणि उशाखाली अंगाऱ्याची पुडी ठेवली. आप्पांचा भुतांवर विश्वास नव्हता. त्यांचा आळसावर होता. बीजगणिताच्या पेपरात मी चक्क पाऊण तास झोपलो आणि दहावीला एक्कावन्न टक्के मिळाले, तेव्हा त्यांचे मत कायमचे पक्के झाले. २००४ साली ते गेले, तोवर ते बदलले नाही. ते बदलण्यासारखे काही माझ्यापाशीही नव्हते.

पुढे नोकरी लागली, आणि डोंबिवली ते व्ही. टी. असा लोकलचा प्रवास सुरू झाला. सकाळी प्रश्न नसे. गाडीचे शेवटचे स्थानकच गाठायचे. कोणी ना कोणी खांद्याला हलवून ‘उठा, मुंबई आली’ म्हणे. संध्याकाळची गोष्ट वेगळी. डोंबिवली हे मधले स्थानक, आणि मी तेथे जागा असेनच याची हमी नाही. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ ही गावे मी फलाटावरून परतीची गाडी पाहताना जितकी पाहिली, तितकी तेथल्या रहिवाशांनीही पाहिली नसतील. कर्जतला तर चहावाला मला ओळखू लागला होता. घरी सौभाग्यवतींचा समज असा, की नवरा पत्त्यांच्या अड्ड्यावर बसतो. ‘कर्जतला गेलो होतो’ या खऱ्या उत्तरावर कोणती बायको विश्वास ठेवील?

कचेरीतल्या झोपेची तऱ्हा आणखी निराळी. मान न टाकता, हातातली लेखणी न ठेवता मी झोपत असे. हात आपला लिहीतच राही. एकदा साहेबांच्या सहीसाठी गेलेल्या पत्रात ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की’ याच्या पुढे ‘आंब्याची पेटी माळ्यावर ठेवावी’ असे वाक्य निघाले, आणि त्यानंतर एक रेघ घाट उतरावा तशी पानाच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. सगळी कचेरी आठ दिवस हसत होती. साहेब हसले नाहीत. मला मेमो मिळाला आणि त्या वर्षीची बढती हुकली. पुढे आणखी एकदा हुकली.

पण वाचकहो, झोपेचे एक वेळ निभावते. माणूस चहा पितो, तोंडावर पाणी मारतो, उभ्याने काम करतो. माझे खरे वैर निराळ्याच गोष्टीशी जडले होते, आणि ती गोष्ट म्हणजे हसू.

विनोद ऐकून लोकांची मुरकुंडी वळते ती वाक्प्रचारात. माझी खरोखरच वळे. मनापासून हसू आले की गुडघ्यांतली ताकद एकाएकी निघून जाई, जबडा सैल पडे, पापण्या लोंबत, मान छातीवर येई आणि मी पोते ठेवावे तसा खाली बसे. शुद्ध मात्र पुरती असे. भोवतालचे सगळे ऐकू येई. उत्तर तेवढे देता येत नसे. मिनिटा-दीड मिनिटात सारे पूर्ववत. पहिल्यांदा हे घडले थोरल्या भावाच्या लग्नात, पंगतीत कोणाच्या तरी उखाण्यावर. लोकांना वाटले, फीट आली. कोणी कांदा आणला, कोणी चप्पल हुंगवली. मी डोळे मिटून पडलेला असताना एक नातेवाईक दुसऱ्याला म्हणाले, ‘काही नाही हो, वाढायला नको म्हणून नाटकं!’ ते वाक्य मला अजून त्यांच्या आवाजासकट पाठ आहे. पुढे एका डॉक्टरांनी अपस्माराच्या गोळ्या दिल्या. त्या मी सहा वर्षे घेतल्या. झोप तेवढी वाढली.

तेव्हा मी एक उपाय स्वतःच शोधून काढला. हसायचेच नाही. कोणी गंमत सांगू लागले की मी मनात पाढे म्हणे. एकोणतिसाचा पाढा या कामी फार चांगला. विनोदी नाटकाला जाणे सोडले, मित्रांच्या बैठका सोडल्या. गंभीर आणि शिष्ट म्हणून माझी ख्याती झाली. पुढे ज्याने वर्तमानपत्रांतून विनोदी मजकूर लिहून चार पैसे मिळवले, तो मनुष्य स्वतः भिंतीला पाठ टेकल्याशिवाय हसत नसे, हे आज प्रथमच सांगतो आहे.

या उपायाची किंमत मला कळली २००१ सालच्या गणेशोत्सवात. आमच्या इमारतीच्या गच्चीवर मुलांचा कार्यक्रम होता. माझी लेक तेव्हा सात वर्षांची. तिने कोणालाही न सांगता एक नक्कल बसवली होती: दुसऱ्या मजल्यावरचे काका पुण्याला टेलिफोन करतात ती. काकांचा आवाज असा, की टेलिफोन नसता तरी पुण्यास ऐकू गेला असता. पोरीने कमरेवर हात ठेवून, गाल फुगवून असे काही ‘हॅलोऽ’ ठोकले, की गच्ची दणाणली. खुद्द काकाही डोळे पुसू लागले. मी मागे कठड्यापाशी उभा होतो. पाढा सत्तावीसला अडला आणि गुडघे वितळू लागले. खाली चार मजले होते. मी कसाबसा कठडा सोडला, भिंत धरली आणि जिन्याच्या दारातून बाहेर पडून पहिल्याच पायरीवर कोसळलो.

परत आलो तेव्हा कार्यक्रम संपला होता. सर्वांनी तिला उचलून घेतले होते. तिने मला एवढेच विचारले, ‘बाबा, तुम्ही उठून का गेलात?’ मी काय सांगणार? जे मला होत होते त्याला माझ्याजवळ नावच नव्हते. ‘काम होतं’ असे काहीतरी बोललो. त्यानंतर तिने नक्कल केली नाही. निदान माझ्यासमोर नाही.

२००९ साली पडसे-खोकला म्हणून मी एका दवाखान्यात गेलो आणि बाकावर झोपलो. तेथल्या डॉक्टरांनी ते पाहिले आणि मला एका मेंदूविकारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी झोपेबद्दल विचारले, ते सगळेच विचारत. मग कागदावरून मान वर करून त्या म्हणाल्या, ‘हसल्यावर कधी पायांतलं बळ जातं का हो तुमच्या?’

अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मला उत्तर देता येईना. सौभाग्यवतींनीच ते दिले.

मग माझी झोपेची परीक्षा झाली. एक रात्र डोक्याला, छातीला आणि पायांना तारा चिकटवून निजायचे. आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी एक अशा पाच वेळा अंधाऱ्या खोलीत आडवे व्हायचे. साधारण माणसाला झोप लागल्यावर स्वप्नांची झोप यायला तास-दीड तास लागतो. या परीक्षेत पाचांपैकी दोन डुलक्यांत ती पंधरा मिनिटांच्या आत आली, तर नार्कोलेप्सीची शंका बळावते. मी तीन-चार मिनिटांत झोपलो, आणि चार वेळा थेट स्वप्नांतच उतरलो. दहावीला जे जमले नाही ते त्रेचाळिसाव्या वर्षी जमले. विशेष गुणवत्तेसह उत्तीर्ण!

बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले ते असे. झोप आणि जाग या दोन खोल्या आहेत असे समजा. मधल्या दाराला एक कडी असते. माझ्या दाराची कडी गेली आहे. स्वप्ने पडतात तेव्हा आपण हातपाय झाडू नयेत म्हणून निसर्ग स्नायू सैल करून ठेवतो. माझ्याकडे हा सैलपणा हसताना, जागेपणीच, दार ढकलून आत येतो. स्वप्नही डोळे उघडे असताना आत येते. तोच आजीचा मुंज्या. ही कडी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या थोड्याशा पेशी. अब्जावधी पेशींच्या मेंदूत त्या लाखाच्याही आत. त्या ओरेक्झिन नावाचे द्रव्य तयार करतात आणि त्याच्या जोरावर माणूस जागा राहतो. माझ्यासारख्यांच्या दहातल्या नऊ पेशी नाहीशा झालेल्या असतात. शरीराची संरक्षण करणारी फौजच चुकून त्यांच्यावर उलटत असावी, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

आजाराला नाव मिळाले ते १८८० साली. झेलिनो या फ्रेंच डॉक्टराकडे पिंपांचा एक अडतीस वर्षांचा व्यापारी आला होता. दिवसातून असंख्य वेळा तो झोपे, आणि मनापासून हसला किंवा सौदा चांगला जमेलसे वाटले, की त्याचे पाय लुळे पडत. माझा हा थोरला भाऊ मला इतक्या उशिरा भेटला! कारण सापडायला मात्र आणखी सुमारे एकशेवीस वर्षे गेली. ओरेक्झिनचा शोध १९९८ साली लागला. आणि १९९९ साली, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात, या आजाराचे कोडे सोडवायला कोण उपयोगी पडले असेल? कुत्रे! तेथे हाच आजार असलेले डॉबरमन जातीचे कुत्रे पाळले होते. आवडता खाऊ समोर आला, की ते आनंदाच्या भरात जागच्या जागी कोसळत. त्यांच्यात ओरेक्झिनची खूण ओळखणारे जनुकच बिघडलेले निघाले, आणि पुढच्याच वर्षी माणसांच्या मेंदूतली उणीवही दिसून आली. ऐकून मला आप्पांची आठवण झाली. श्वाननिद्रेचा त्यांचा दाखला इतका खरा ठरेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. त्यांना हे सांगायला मिळाले असते तर फार बरे झाले असते.

परतताना रिक्षात सौभाग्यवती कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘अहो, मग इतकी वर्षं मी तुमच्या तोंडावर पाणी मारत होते ते?’

‘गार असायचं,’ मी म्हटले. त्या हसल्या आणि मग रडल्या. मी पाढा म्हटला नाही. रिक्षात बसलेलोच होतो.

लेक तेव्हा पंधरा वर्षांची होती. मला आजार जडला त्याच वयाची. डॉक्टरांनी दिलेले माहितीपत्रक तिने जेवणानंतर वाचले. रात्री मी अंथरुणावर बसलो होतो, तर दारात येऊन उभी राहिली.

‘बाबा, त्या गणपतीत तुम्ही उठून गेलात ते... हसू आलं म्हणून?’

‘हो.’

‘खूप?’

‘उभं राहता येईना इतकं.’

ती काही बोलली नाही. आत आली, दार लावले, कमरेवर हात ठेवले, गाल फुगवले, आणि पुण्याच्या दिशेने तोंड करून ‘हॅलोऽ’ म्हणून ओरडली.

मी जो आडवा झालो तो उशीवर तोंड करूनच. जबडा गळला, हात लोंबले. तिने माझे डोके सरळ केले, हात हातात घेतला आणि शेजारी बसून राहिली. मला सगळे ऐकू येत होते. ती हसत होती. आठ वर्षांपूर्वी गच्चीवर राहिलेली दाद मी तिला त्या रात्री दिली.

आता माझा दिनक्रम ऐका. हा आजार मुळासकट जात नाही. त्याच्याशी संसार करावा लागतो. सकाळी जागे ठेवणारी गोळी. हसण्याने येणाऱ्या लुळेपणावर दुसरी. ती मुळात उदासीनतेवरची, पण थोड्या मात्रेत येथे उपयोगी पडते. दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दुपारी दोन वाजता गजर लावून वीस मिनिटे झोप. ही औषधाइतकीच महत्त्वाची. निदान झाल्यावर कचेरीतल्या नव्या साहेबांना मी कागदपत्रे दाखवली, तेव्हा त्यांनी दप्तरखोलीत एक बाक ठेवून दिला, आणि निवृत्त होईपर्यंत माझ्या पत्रांतून पुन्हा आंब्याची पेटी निघाली नाही. दुपारी भात कमी. स्कूटर विकली. फलाटावर कडेला उभा राहत नाही, गॅसपाशी एकटा उभा राहत नाही, आणि कठड्याशी तर कधीच नाही. तरीही वाईट दिवस येतात. परवाच मी घास हातात धरून झोपलो होतो. पण आता घरात कोणी त्याला सोंग म्हणत नाही. घास हळूच काढून ताटात ठेवतात.

हे सारे दिवाळीच्या अंकात सांगण्याचे कारण आहे. डॉक्टर सांगतात, दोन-तीन हजार माणसांमागे एकाला हा आजार असतो. दाटीच्या वेळी आपल्या लोकलमध्ये चार-पाच हजार माणसे कोंबलेली असतात. म्हणजे तुमच्या रोजच्या गाडीत माझा एखादा भाऊबंद असण्याचा पुष्कळ संभव आहे. दुपारी पेंगणारा प्रत्येक जण काही आजारी नसतो. कोणाची रात्रीची झोपच अपुरी होते, आणि मोठ्याने घोरणाऱ्याचा श्वास रात्री अडत असतो. त्याचीही तपासणी वेगळी. पण रात्री वेळेवर निजणारा मुलगा वर्गात, जेवताना, बोलता बोलता झोपत असेल, आणि हसताना त्याची मान गळत असेल किंवा गुडघे वाकत असतील, तर त्याला कुंभकर्ण म्हणण्याआधी एकदा डॉक्टरांकडे न्या. हा आजार बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो. आणि त्याच वयात ‘आळशी’ हा शिक्का लवकर बसतो आणि उशिरा निघतो.

नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान करणे मला आजवर फारसे साधलेले नाही, त्यामुळे माझी पुढची व्यवस्था कोठे झाली आहे ते उघडच आहे. पण फराळाला सगळे घरी जमतात. लेक येते, जावई येतात, चार वर्षांचा नातू येतो. नव्या माणसाला आमच्या घरातला एक नियम ठाऊक नसतो, तो नातू पढवतो. कोणी ‘अहो, एक गंमत ऐका’ असे म्हणाले रे म्हणाले, की तो चकली टाकून उठतो आणि ओरडतो, ‘थांबा! आधी आजोबांना खुर्ची!’ खुर्ची येते, मी बसतो, हातातली बशी कोणीतरी काढून घेते, आणि मग सारे घर माझ्याकडे तोंड करून गंमत सांगू लागते.

हे लिहिता लिहिता दोन वाजत आले. शेवटची ओळ जरा खाली उतरलेली दिसते, तेव्हा आता थांबणे बरे. वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा. माझा गजर वीस मिनिटांनी होईल.